तासिका आहे, माणूस नाही

प्रकाशा हे तापीकाठचं गाव. गोमाई इथे तापीला मिळते, संगमाजवळ केदारेश्वराचं देऊळ आहे आणि खानदेशात या गावाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. काशीला जाऊन आलेल्याने प्रकाशाला उत्तरपूजा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं जुनी माणसं सांगतात. अस्थी घेऊन खानदेशातली माणसं इथे येतात, तशी गुजरातेतून आणि मध्य प्रदेशातूनही येतात. घरातलं माणूस गेलं की काय करायचं, याची घाटावर पूर्वापार तजवीज आहे. दहाव्याला काय, तेराव्याला काय, पुढे कोणी बसायचं, मागून खांद्यावर हात कोणी ठेवायचा, सगळं ठरलेलं.

वडील गेलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा मुंडण करून घाटावर बसतो आणि तेरावं उरकलं की शाळेत जातो. तिथे मात्र काहीच ठरलेलं नसतं. बाकावरची पोरं टकलावर टपली मारतात. सर दोन दिवस जरा हळू आवाजात बोलतात आणि तिसऱ्या दिवशी चाचणीच्या गुणांवरून ओरडतात. वाईट कोणाच्याच मनात नसतं. पण या पोराशी काय बोलायचं, हे ना सरांना कोणी शिकवलेलं असतं, ना शेजारी बसणाऱ्या मित्राला. राज्यातल्या कुठल्याही गावची शाळा घेतली तरी चित्र फारसं वेगळं नाही.

सहावी ते आठवीच्या मुलांना मानसिक आरोग्याचं शिक्षण सक्तीचं करावं, अशी मागणी अलीकडे वारंवार होते. मागणी रास्त आहे. फक्त एक अडचण आहे. आपल्याकडे सक्ती म्हटली की ती मुलांवर होते: एक नवं पुस्तक, एक वही, एक श्रेणी. या विषयात सक्ती करायचीच तर ती सरकारवर व्हायला हवी, आणि तीही एकाच गोष्टीची. मुलांशी बोलायला शिकलेलं एक माणूस शाळेच्या आवाक्यात असलंच पाहिजे, एवढीच.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातली ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. प्रकाशा मात्र मैदानातलं, शहादा तालुक्याच्या बागायती पट्ट्यातलं. ऊस, केळी, पपई, तापीवरचा बॅरेज, आणि उत्तरेला मान वळवली की सातपुडा. अशा पट्ट्यातल्या शाळेत दोन्हीकडची मुलं एका बाकावर येतात. एकाच्या घरी पपईचा भाव पडल्यापासून आईबाप एकमेकांशी बोलत नाहीत. दुसऱ्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-नवसारीकडे गेलेत. होळीला येतील, तोवर तो आजीकडे किंवा वसतिगृहात. तिसरीच्या लग्नाची बोलणी तिच्या कानावर पडतील अशाच आवाजात चाललीत. चौथ्याला काहीच झालेलं नाही. त्याचा नुसता आवाज फुटतोय, आणि जगात हे आपल्या एकट्यालाच होतंय असं त्याला वाटतंय.

या वयाबद्दल संशोधकांचं म्हणणं बरंच स्पष्ट आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार जडतो, त्यांच्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत त्याची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत झालेली असते आणि जवळपास निम्म्यांत अठराव्याच्या आत. आपल्याकडे बंगळूरच्या ‘निमहान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये काही ना काही मानसिक विकार आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार. पाहणीसाठी निवडलेल्या बारा राज्यांत गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं, महाराष्ट्र नव्हतं. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची मतं घेतली, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या काळजीचं कारण म्हणून सांगितलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. या आकड्यात महाविद्यालयीन मुलंही येतात, आणि आत्महत्येला एकच एक कारण कधी नसतं, हेही खरं. तरीही हा पहिला क्रमांक राज्याने वर्षानुवर्षं सांभाळावा, असा नाही.

पंधरा वर्षांचं पोर किती खोलवर विचार करू शकतं, हे नंदुरबारला कोणी सांगायची गरज नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता याच शहरात इंग्रजांच्या गोळीला सामोरा गेला, तेव्हा तो त्याच वयाचा होता. त्याच्या स्मारकाला हार घालणारी मोठी माणसंच घरी आल्यावर पोराला विचारतात, ‘तुला रे कसलं आलंय टेन्शन?’

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. उलट इतकं केलंय की मोजताना दमछाक व्हावी. किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ ला सुरू झाला. त्यात मानसिक आरोग्य आहे, आणि सरकारी दवाखान्यांतली ‘मैत्री क्लिनिक’ याच कामासाठी आहेत. १२ फेब्रुवारी २०२० ला आयुष्मान भारतच्या छत्राखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करायचं आणि त्यांनी अकरा विषयांवर दर आठवड्याला मुलांशी बोलायचं, अशी त्याची आखणी. त्या अकरांत भावनिक आणि मानसिक आरोग्य आहे. नंदुरबार हा आकांक्षित जिल्हा, म्हणजे अशा योजनांच्या रांगेत पुढे उभा असलेला. जुलै २०२० मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आधारासाठी केंद्राचं ‘मनोदर्पण’ आलं, १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेलि-मानस’ची दूरध्वनी सेवा आली. २०२२ मध्येच राज्याने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. मुलांचं शारीरिक आणि मानसिक आरोग्य सुधारावं, हा त्याचा उघड हेतू आहे.

म्हणजे वेळ ठरलेली आहे, विषय ठरलेला आहे, शासन निर्णयही निघालेला आहे. शनिवारी सकाळी प्रत्यक्षात काय होतं? चांगली शाळा असेल तर योगासनं, कवायत, चित्रकला, गाणी. त्यातलं काहीही वाईट नाही. पण घरात रोज रात्री दारूवरून भांडण होणाऱ्या मुलीला प्राणायामाने जेवढं बरं वाटेल तेवढंच वाटेल. घरी काय चालतं ते कोणाला, कसं सांगायचं, हे तिला त्यातून कळणार नाही.

आणि शाळाशाळांत लावलेली ती तक्रारपेटी. तिच्याकडे एकदा नीट बघावं. पत्र्याची किंवा लाकडाची, वर फट, खाली कुलूप, आणि जागा बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर. तिथून शिपाई जातो, शिक्षक जातात, पालक येऊन बसतात. चिठ्ठी टाकणाऱ्या मुलीला मधल्या सुट्टीत सगळी शाळा पाहते. चिठ्ठीवर नाव नसलं तरी अक्षर ओळखू येतं. कित्येक पेट्यांची कुलपं महिनोन् महिने उघडत नाहीत, आणि पेटी रिकामी निघाली की ‘आमच्या शाळेत काही अडचण नाही’ अशी नोंद करायला सोपं जातं.

पाठ्यपुस्तकातही हा विषय नाही असं नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ मध्ये ‘सामाजिक आरोग्य’ नावाचा धडा आहे. ताणतणाव, व्यसनं, मोबाइलचा अतिवापर, सायबर गुन्हे आणि ताण कमी करण्याचे उपाय असं सगळं त्यात आहे. हास्यमंडळंसुद्धा आहेत. मजकूर वाईट नाही. पण धडा दहांपैकी नववा, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर शिकवायचा. एव्हाना मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झालेला असतो आणि त्याच्यावर आयुष्यातला सगळ्यात मोठा शालेय ताण असतो. त्या ताणातच तो ‘ताण कमी करण्याचे उपाय लिहा’ याचं उत्तर पाठ करतो. याहून कडू विनोद शोधून सापडायचा नाही.

विषय सक्तीचा झाला की त्याचं आपल्याकडे काय होतं, याचा अनुभव गाठीशी आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण शिक्षण देशभर सक्तीचं झालं. आज बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाची वही स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळते, नाव घालून जमा केली की श्रेणी पदरात पडते. मानसिक आरोग्याचीही अशी वही निघायला वेळ लागणार नाही. ‘माझ्या भावना : प्रकल्प क्रमांक ७’, चिकटवलेली चित्रं, मागच्या वर्षीच्या ताईकडून उतरवलेला निष्कर्ष.

दुसरा अनुभव याहून बोलका आहे. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाच्या साहित्यावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने ते शिक्षण शाळांतून थांबवलं. त्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेतून डॉ. राणी बंग ‘तारुण्यभान’ची शिबिरं घेत आल्या आहेत. जो विषय पुस्तिकेतून आला तेव्हा विधिमंडळात वादळ झालं, तोच एक विश्वासाचं माणूस समोर बसून बोललं तेव्हा पोरापोरींनी शांतपणे ऐकला. पालकांचा विरोध विषयाला असतो तितकाच, किंबहुना जास्त, तो कोण आणि कसा सांगतंय याला असतो.

शिकवणारं माणूस कोण यावर किती अवलंबून आहे, हे जगभरच्या प्रयोगांतूनही दिसतं. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांतल्या ११ हजारांहून अधिक मुलामुलींवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन उपाय ताडून पाहिले होते. एकात शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं. दुसऱ्यात तज्ज्ञांनी प्रश्नावलीवरून जोखमीची मुलं हुडकली. तिसऱ्यात बाहेरून आलेल्या प्रशिक्षित व्यक्तीने थेट मुलांबरोबर काम केलं. पाचेक तासांचा कार्यक्रम, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ छोटे प्रसंग नाट्यरूपाने करून बघण्यात. वर्षभराने मोजलं तेव्हा फरक ठळकपणे तिसऱ्याच गटात दिसला. तिथे आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचं प्रमाण, तुलनेसाठी ठेवलेल्या गटाच्या निम्म्याहून कमी होतं.

युरोपचं इथे काय, असं कोणी म्हणेल. तर मग गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेचं काम पाहावं. १९९६ पासून ही संस्था मानसिक आरोग्यात काम करते. शाळांतला आपला प्रयोग तिने आधी गोव्यात छोट्या प्रमाणावर केला आणि नंतर बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी शाळांमध्ये मोठा केला. ‘सेहेर’ त्याचं नाव. सत्तरहून अधिक शाळा, नववीचे विद्यार्थी. काही शाळांत कार्यक्रम चालवला तो मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी. काही शाळांत तोच कार्यक्रम त्याच शाळेतल्या शिक्षकांकडे दिला. काही शाळांत नेहमीचंच चालू ठेवलं. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण बदललं, दादागिरी आणि मारहाण कमी झाली, उदासपणाची लक्षणं कमी झाली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत आणि नेहमीचंच चालू ठेवलेल्या शाळांत फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, फक्त माणूस वेगळं.

या प्रयोगातही एक पेटी होती. मुलांनी चिठ्ठ्या टाकायच्या, समुपदेशकाने त्या वाचायच्या आणि त्यातून वर आलेले प्रश्न नाव न घेता शाळेसमोर मांडून सोडवायला घ्यायचे. जोडीला भित्तिपत्रक, परिपाठात चर्चा, गटांच्या कार्यशाळा, आणि ज्याला एकट्याने बोलायचंय त्याच्यासाठी वेळ. प्रकाशाच्या भिंतीवरची पेटी आणि नालंदाची पेटी बनवायला खर्च सारखाच येतो. नालंदाची पेटी उघडणारं कोणीतरी होतं.

शिक्षक का कमी पडले, हे समजायला बिहारला जावं लागत नाही. शिकवणं सांभाळून मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, आधार जुळवणी, सर्वेक्षणं हे सगळं शिक्षकाच्याच टेबलावर येतं. त्यात ‘आरोग्यदूत’ म्हणून आणखी एक जबाबदारी आली की ती अहवालात पूर्ण होते. शिवाय एक साधी गोष्ट राहतेच. जो माणूस सकाळी गुण देतो, दुपारी रागावतो आणि संध्याकाळी वडिलांना चौकात भेटतो, त्याच्यापाशी तेरा वर्षांची मुलगी मन मोकळं करणार नाही. अपवादाचे शिक्षक गावोगाव आहेत आणि त्यांच्यामुळेच आजवर पुष्कळ मुलं सावरली आहेत. पण योजना अपवादांच्या भरवशावर आखायची नसते.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. मुलांना आजारांची नावं शिकवली तर साध्या उदासीला ती ‘डिप्रेशन’ म्हणू लागतील, नसलेलं दुखणं ओढवून घेतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांवर मुलांना ‘माइंडफुलनेस’चे धडे शिक्षकांमार्फत दिले. २०२२ मध्ये निकाल आला तो नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही विशेष फायदा नाही, असा. बऱ्याच मुलांनी घरी तो सराव केलाच नव्हता. ऑक्सफर्डच्या संशोधक ल्यूसी फोल्क्स यांनी तर असा इशारा दिला आहे की, सतत लक्षणं सांगत राहिल्याने काही तरुण स्वतःच्या साध्या त्रासालाही विकाराच्या चष्म्यातून पाहू लागतात.

म्हणून काय शिकवायचं याची निवड महत्त्वाची. बारा वर्षांच्या मुलाला विकारांची यादी नकोच. त्याला राग आला की अंगात काय होतं, भांडणानंतर पुन्हा बोलणं कसं सुरू करायचं, मित्र दोन आठवडे गप्प असेल तर त्याला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, रात्री झोप येत नाही याचं मोबाइलशी काय नातं, कोणी अंगाला नको तसा हात लावला तर कुठे जायचं, आणि कुठल्या गोष्टी मित्राने सांगितल्या तरी पोटात ठेवायच्या नाहीत, मोठ्या माणसाला सांगायच्याच, हे शिकवायचं. घाटावरून परतलेल्या मुलाशेजारी कसं बसायचं, हेही त्यातच येतं. यातलं काहीही परीक्षेत विचारता येत नाही, आणि तेच बरं.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने जुलै २०१८ पासून शाळांत मानसिक आरोग्याचं शिक्षण कायद्याने आणलं. जपानने सुमारे चाळीस वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये मानसिक आजारांचा विषय उच्च माध्यमिकच्या आरोग्यशिक्षणात परत घेतला. त्यांचं पाहून आपणही पुस्तक काढावं असा मोह होईल. पण सातपुड्याच्या पायथ्याशी पहिला प्रश्न येतो तो भाषेचा.

इथल्या घरांत अहिराणी बोलतात, गुजरी बोलतात, भिली, पावरी, मावची बोलतात. शाळेतली मराठी म्हणजे गणिताची आणि इतिहासाची मराठी. आईची आठवण त्या मराठीत येत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आश्रमशाळेत आलेलं पोर ‘वैफल्य’ आणि ‘भावनिक समायोजन’ हे शब्द फळ्यावरून वहीत उतरवेल, आणि रात्री वसतिगृहात पांघरूण डोक्यावर घेऊन रडेल. नर्मदाकाठच्या याच डोंगरांत नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या. मुलांच्या बोलीत शिकवणारे, त्यांच्याच समाजातले तरुण तिथे शिक्षक झाले. नर्मदेवरच्या धरणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, पण त्या मुलांशी त्यांच्याच बोलीत कोण बोलणार, हा प्रश्न आंदोलनाने सरकारच्या आधी सोडवला होता.

दुसरं, मन बिघडलं की इथला माणूस आधी कोणाकडे जातो? भगताकडे, बडव्याकडे. ‘बाहेरचं झालंय’ हे निदान तिथे मिनिटात होतं. वसतिगृहातल्या मुलींना एकीचं पाहून दुसरीला भोवळ येते, किंचाळ्या सुरू होतात, अशा बातम्या राज्याच्या आदिवासी भागांतून अधूनमधून येतात, आणि पहिली धाव अंगाऱ्याकडेच जाते. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवण्याची प्रथाही अजून पुरती मेलेली नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण कायदा मारहाण झाल्यावर येतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि डॉ. हमीद दाभोलकर यांच्यासारखे मानसोपचारतज्ज्ञ ‘मानसमित्र’ तयार करतात, ते नेमकं याआधीच्या टप्प्यावर. डॉक्टर नसलेली, पण ऐकायला शिकलेली आणि कुणाला डॉक्टरकडे न्यायचं हे ओळखणारी साधी माणसं. भगताला शिव्या न घालता, घरच्यांची भीती समजून घेऊन ती बोलतात. सातवीतल्या मुलीला मन आजारी पडू शकतं आणि बरंही होऊ शकतं एवढं कळलं, तर दहा वर्षांनी ती आपल्या लेकराला घेऊन दवाखान्यात जाईल.

न्यायालयाने आता वाट थोडी मोकळी केली आहे. विशाखापट्टणममधल्या ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला निकाल दिला. मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगून न्यायालयाने शाळा, महाविद्यालयं, शिकवणी वर्ग, वसतिगृहं या सगळ्यांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. निकाल स्वागतार्ह आहे, पण शंभराची ही अट सातपुड्यात उघडी पडते. डोंगरातल्या पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत पटच तेवढा नसतो. आणि ‘बाहेरचा तज्ज्ञ’ म्हणजे कोण? देशात दर लाख लोकसंख्येमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञही येत नाही, आणि जे आहेत ते शहरांत. धडगावहून नंदुरबारला यायचं तर घाट उतरून अख्खा दिवस मोडतो, त्या दिवसाची मजुरीही जाते. न्यायालयाची अट अशा ठिकाणी कागदावर पुरी करणं फार सोपं आहे. एका तज्ज्ञाचं नाव आणि फोन नंबर फलकावर लावला की झालं.

त्यामुळे शाळेमागे एक समुपदेशक हा हिशेब इथे लागू पडत नाही. शाळांच्या केंद्रामागे एक माणूस, हा पडतो. जिल्हा परिषदेच्या शाळा आधीच केंद्रांत बांधलेल्या आहेत. प्रकाशा परिसरातल्या शाळांसाठी एक पदवीधर मुलगी किंवा मुलगा निवडावा, तो इथलाच असावा, अहिराणी आणि भिली दोन्ही कळणारा. त्याला काही महिन्यांचं खरंखुरं प्रशिक्षण द्यावं. दोन दिवसांची कार्यशाळा आणि चहा-बिस्किटं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्याला मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. तिथल्या तज्ज्ञांनी दर पंधरवड्याला या मुलामुलींबरोबर बसून अवघड प्रकरणं समजून घ्यावीत. ‘आनंददायी शनिवार’मधला एक तास त्यांच्या हवाली करावा आणि त्या तासाला कुठलीही श्रेणी ठेवू नये. पेटी मुख्याध्यापकांच्या दारातून उचलून पाण्याच्या टाकीजवळ, वाचनालयात, जिथे मुलं सहज जातात तिथे लावावी आणि तिची किल्ली याच माणसाकडे द्यावी. आश्रमशाळांचं आणखी एक आहे. तिथली मुलं रात्रीही शाळेतच असतात, त्यामुळे तिथे कोणीतरी मुक्कामाला हवं.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न लगेच विचारला जाईल. जिल्ह्याला आदिवासी उपयोजनेचा निधी येतो. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना त्यातला पाच टक्के थेट मिळतो. नंदुरबार आणि तळोदा अशी आदिवासी विकासाची दोन प्रकल्प कार्यालयं जिल्ह्यात आहेत. आशा कार्यकर्ती गावोगाव उभी करायला देशाने २००५ नंतर जे केलं, त्यापुढे हे काम लहान आहे. फक्त आशांसारखं या मुलामुलींना तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं लटकत ठेवू नये. सहा महिन्यांत सोडून जाणाऱ्या माणसावर मूल एकदाच विश्वास टाकतं.

नंदुरबार जिल्हा परिषदेने आणि आदिवासी विकास विभागाने येत्या शैक्षणिक वर्षात हे करून पाहावं. सगळ्या जिल्ह्यात एकदम नको. मैदानातलं प्रकाशासारखं एक केंद्र आणि डोंगरातली एक आश्रमशाळा, एवढ्यापासून सुरुवात पुरे. वर्ष संपताना किती तासिका झाल्या हे मोजू नये. किती चिठ्ठ्या आल्या, किती मुलं स्वतःहून बोलायला आली, किती जण दवाखान्यापर्यंत पोचली आणि किती मुली नववीत दिसल्या, हे मोजावं आणि ग्रामसभेत वाचून दाखवावं.

तोवर पालकांनी आणि शिक्षकांनी दोन क्रमांक वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात कायम लिहून ठेवावेत. टेलि-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८. दोन्ही चोवीस तास चालतात, दोन्ही मोफत आहेत, आणि १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.